आत्यानं काढलेलं उट्टं

माझी आत्या डूख धरणारी बाई. घरात कुणी तिला गार चहा दिला, तर आठवड्यानं त्याच्या कपात साखर पडायची नाही. त्यामुळे लॅबच्या मालकानं जे केलं ते ती पोटात घालेल, असं आम्हाला वाटलंच नव्हतं.

रक्ताच्या तपासण्या आणि एक्स-रे करणाऱ्या त्या लॅबमध्ये ती लोकांचं रक्त काढायची. शिक्षण बारावी, बाकी सगळं बघून शिकलेली. मालक डॉक्टर होता आणि मुद्दाम बिनडिप्लोम्याच्या मुलीच कामाला ठेवायचा. त्या सोडून जाणार तरी कुठे?

एकदा दोन पेशंटचे रिपोर्ट उलटसुलट झाले. नळ्यांवर चुकीची नावं चिकटवली होती मालकाच्या मेव्हण्यानं. पण भरल्या वेटिंग रूममध्ये मालकानं बोट दाखवलं ते आत्याकडे. "ही बाटल्या धुणारी बाई! हिच्या हातात सुई दिली, हेच माझं चुकलं."

ॲप्रन खुर्चीवर टाकून आत्या घरी आली. डोळ्यांत टिपूस नाही. माझ्या आईला म्हणाली, "वहिनी, याला मी सोडत नसते."

दुसरीकडे काम मिळेना. मालकानं सगळीकडे फोन करून ठेवले होते. मग तिनं मोठ्या हॉस्पिटलच्या कॉलेजात लॅब टेक्निशियनच्या डिप्लोम्याला नाव घातलं. वर्गातली पोरं तिला पहिल्या दिवशी मॅडम समजून उभी राहिली. ती पास झाली आणि त्याच हॉस्पिटलात लागली. दुसरी एखादी इथं शांत झाली असती.

आत्या मात्र सुट्टीच्या दिवशी लॅबसमोरच्या बसस्टॉपवर जाऊन बसायला लागली. मुली सुटल्या की एकेकीला गाठायची.

"काय काम करतेस गं?"

"एक्स-रे काढते."

"डिप्लोमा?"

"सर म्हणतात, काय गरज आहे?"

"त्याला नाहीच गरज. तुला आहे. उद्या कॉलेजात ये, फॉर्म मी भरून देते."

ती पोरगी रेडिओग्राफीला गेली. रक्त बघून न डगमगणारी एक डायलिसिसकडे वळली. काउंटरवरच्या बडबडीला आत्या म्हणाली, "तू फिजिओथेरपीला जा. पेशंटला बोलण्यात गुंगवून गुडघा कधी वाकवलास, ते त्याला कळायचंही नाही." मालक नवीन मुलगी शिकवून तयार करायचा आणि आत्या ती उचलायची. शेवटी एक्स-रेची खोली बंदच पडली.

बाबा कौतुकानं म्हणाले, "छान समाजसेवा चाललीये तुझी."

"समाजसेवा कसली, दादा! मी त्याच्या मुळावर उठलेय."

आणि एका संध्याकाळी मालकाची मुलगीच आमच्या दारात उभी राहिली. डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा दोनदा हुकलेली, बाप तिसऱ्यांदा बसवत होता. लहानपणी ती तोतरी बोलायची. एका थेरपिस्टबाईंनी तिला बोलतं केलं होतं. तिला तेच शिकायचं होतं, स्पीच थेरपी.

आत्याचे डोळे असे चमकले, की मला भीती वाटली. मुलीच्याही ते लक्षात आलं असावं. तिनं विचारलं, "हे तुम्ही माझ्यासाठी करणार, की बाबांवर सूड म्हणून?"

"सूड म्हणून," आत्या म्हणाली. "पण कोर्स चांगला आहे. तुझं काय बिघडतंय?"

मुलगी खळखळून हसली आणि फॉर्म भरायला बसली.

प्रवेश झाल्यावर मालक आला. आत्याला पहिल्यांदाच 'अहो-जाहो' करत म्हणाला, "माझी मुलगी तरी सोडायची होतीत. ती डॉक्टर होणार होती."

"तिला कधी विचारलंत?"

तो हळूच म्हणाला, "त्या दिवशी चूक तुमची नव्हती."

"मला माहीत आहे. त्या दिवशी वेटिंग रूममध्ये जे बसले होते, त्यांना सांगा."

तो उठून गेला. सांगितलं नाहीच. पुढे त्यानं लॅब विकून टाकली. बातमी कळली तेव्हा आत्यानं आरशासमोर उभं राहून अगदी निवांतपणे वेणी घातली.

ती मुलगी आता आत्याच्याच हॉस्पिटलात तोतऱ्या मुलांना बोलायला शिकवते. दोघी डबा एकत्र खातात. परवा ती म्हणाली, "बाबा विचारत होते, तुमचा राग गेला का म्हणून."

"नाही म्हणावं," आत्या म्हणाली आणि आपल्या डब्यातला अर्धा भात तिच्या ताटलीत वाढला.