पातेल्याची कल्हई

मंडळी, आज दुपारी आमचे नेहमीचे कल्हईवाले कासमचाचा पारनेरात आले. जपानशी लढाई लागल्यापासून कल्हईचं कथील बाहेरून येईना, म्हणून ते वर्षभर फिरकले नव्हते.

"आम्ही गेल्या महिन्यात एका नव्या माणसाकडून करून घेतली," म्हणत मी कौतुकानं पातेलं पुढं केलं.

चाचांनी आतून अंगठा घासला. तो काळा झाला.

"बाई, ह्ये कथील न्हाई, शिसं हाय. आंबटात त्याचं इख उतरतंय. काय शिजवलं यात?"

सुनेला सातवा महिना आहे, डोहाळे आंबटाचे. महिनाभर मी रोज त्यातच चिंचेची आमटी करतेय.

तुमच्याकडं तो नवा कल्हईवाला येऊन गेला असेल, तर आधी अंगठा घासून बघा.

सून आतून विचारतेय, आज आमटी का नाही. तिला काय सांगू?