वाचून झालं का, साहेब?

साजगावच्या डब्यांच्या कारखान्यात संगणक आला तेव्हा वाचणारे सगळे पदवीधर होते आणि लिहिणारी मी एकटी, आठवी नापास. ही वाटणी कुणी मुद्दाम केली नव्हती. खोपोलीच्या टायपिंग क्लासात माझा हात बसला होता आणि साहेबलोकांना टाइप करणं कमीपणाचं वाटे, एवढंच.

मी देगलूरकडची. नवरा लोधिवलीला हायवेवरच्या हॉटेलात आचारी लागला, त्याच्या मागोमाग आले. स्टोअरच्या साहेबांनी मला तात्पुरतं ठेवून घेतलं होतं. पर्मनंट झाले तर आमची खोपोलीतली खोली टिकणार होती. नाहीतर परत देगलूर, दिरांचं घर. त्या घरात माझ्या वाटणीला एक खांब होता, टेकायला. म्हणून मी तेव्हा सगळ्यांचे आभार मानत असे. कुणी पाणी दिलं तरी, आणि कुणी पाणी मागितलं तरी.

काम सोपं होतं. तेलाचे, बिस्किटांचे डबे तयार होऊन गोदामात आले की मुकादम चिठ्ठी आणून देई. मी स्टॉकच्या पानावर एंट्री मारायची, मग गेटपास निघायचा, मग टेंपो सुटायचा. ते पान मॅनेजरसाहेबांना, सेल्सला, हिशेबखात्याला, सगळ्यांना आपापल्या स्क्रीनवर दिसे.

घोळ कुलपाचा होता. स्टॉकचं पान एका वेळी कितीही जणांनी वाचावं, त्याला यंत्राची ना नव्हती. लिहिणाऱ्याला मात्र पान रिकामं लागे. कुणी वाचत असताना आकडा बदलला तर त्याला अर्धा जुना नि अर्धा नवा आकडा दिसेल, म्हणून कुलूप. नियम चांगलाच होता. फक्त एक वाचत असताना दुसरा वाचायला आला तर त्यालाही आत सोडत. पहिला बाहेर पडायच्या आत तिसरा हजर. त्यात यंत्र नवं, म्हणजे घरात नवी सून आल्यासारखं. जो येई त्याला तोंड दाखवावं लागे. सेल्सवाले पाहुण्यांना घेऊन येत, पान उघडत, "बघा, बसल्या जागी स्टॉक!" म्हणत. पाहुणे बघत. मी बसल्या जागी थांबत असे.

मुकादम इथलाच, भातशेतीवाला, तोंडाचा फटकळ. दारातून डोकं घाली.

"वैनी, मारली का एंट्री?"

"थांबलेय दादा. साहेब वाचतायत."

"सकाळपासनं? पोथी हाय का काय ती?"

"काय करू मी?"

"मला काय इचारता? भायेर डायवर माज्या नावानं शिमगा करतायत, नि तुमी हितं पंख्याखाली."

स्टोअरच्या साहेबांचंही तेच म्हणणं, जरा शुद्ध भाषेत. "बाई, मी पाहतो तेव्हा तुम्ही नुसत्या बसलेल्या असता."

"हो साहेब," मी म्हणे. "आभारी आहे."

शेवटी गेटपासला उशीर होतोय म्हणून यंत्र देणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर आला. पोरगेलासा, पुण्याचा, शर्टाच्या खिशात दोन पेनं. त्यानं यंत्राच्या आत एक मोजणी लावली: कोण किती वेळ कुलूप धरून बसतं आणि कोण किती वेळ ताटकळतं. मग मला समजावून सांगितलं. मला समजावायची त्याला काही गरज नव्हती, म्हणून त्याचेही मी आभार मानले.

"लग्नाची पंगत बघा," तो म्हणाला. "एक पाहुणा उठतो तोवर शेजारी दुसरा बसतो. मग उष्टं काढून जमीन पुसणार कधी?"

मला लगेच कळलं. उष्टं काढणारी म्हणजे मी.

"आता मी नियम बदलतो. उष्टं काढणारी दारात उभी राहिली की नवा पाहुणा बसवायचा नाही. आतले उठले की आधी ती, मग बाकीचे."

हा नियम त्यानं कर्नलमध्ये घातला. कर्नल म्हणजे यंत्राच्या गाभ्यातला मूळ प्रोग्रॅम, बाकीच्या सगळ्या प्रोग्रॅमांना रांगेत उभं करणारा. त्यात आपल्यासाठी कुणी एक ओळ घालतंय, हे ऐकून मी पुन्हा आभार मानले, पण जरा बेतानंच. एवढं कुणी आपल्यासाठी केलं की पुढे काहीतरी होतं, असा माझा अनुभव.

झालंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एंट्रीसाठी बटण दाबलं. तेव्हा मॅनेजरसाहेब आपल्या केबिनमध्ये पान उघडं टाकून कारखान्याच्या राउंडला गेले होते. म्हणजे पाहुणा पंगतीत हात वाळवत बसलेला, मी दारात, आणि मी दारात म्हणून नव्या कुणाला प्रवेश नाही. साऱ्या कारखान्याच्या स्क्रीन एकदम गप्प झाल्या. प्रत्येकावर इंग्रजीत एकच ओळ: थांबा, टर्मिनल चारला लिहायचं आहे.

चार नंबर माझा.

"बाई, काय करून ठेवलंत?" सेल्सचे साहेब फोनवर हात ठेवून ओरडले. "पार्टी लाइनवर आहे माझी!"

"अहो, यांना हात कुणी लावू दिला मशिनला?" हे हिशेबखातं.

उठत नव्हता त्या पाहुण्याचं नाव स्क्रीनवर येत नव्हतं. तसं ते कुठल्याच पंगतीत कुणी विचारत नाही. खराटा घेऊन दारात उभी असते तीच दिसते.

त्या दिवसापासून मी माझी पद्धत सुरू केली. एंट्री मारायच्या आधी जागेवरून उठायचं आणि एकेका टेबलाशी जायचं. जरा लांब उभं राहून विचारायचं, "वाचून झालं का, साहेब?" आमच्या घरी मोठी माणसं हात धुऊन उठल्याशिवाय बाया ताटाला हात लावत नसत, तीच रीत मी इथं लावली. झालं म्हणाले की पुढचं टेबल. शेवटच्या टेबलाशी पोचेपर्यंत पहिल्यानं पुन्हा पान उघडलेलं असे. मग परत पहिल्यापासून. मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये जायची माझी छाती नव्हती, काचेतून बघायची. पान उघडं आणि खुर्ची रिकामी दिसली तर तिथंच शिपायाला शोधल्यासारखं करत रेंगाळायची. साहेबलोकांनाही हे आवडू लागलं. विचारणारं कुणी असलं की वाचणाऱ्याला वजन येतं.

"आता पायी एंट्री मारता काय वैनी?" मुकादम म्हणाला. "पयल्यानी निदान बसून मारत नव्हता."

इकडे इंजिनिअरची मोजणी बघण्यासारखी झाली. लिहिणाऱ्याचं थांबणं: शून्य. वाचणाऱ्याचं थांबणं: शून्य. तो इतका खूश झाला की त्यानं मला वडापाव खायला घातला. इतकं बिनघोर कुलूप म्हणे फक्त पुस्तकात चालतं.

हा आनंद त्यानं मॅनेजरसाहेबांच्या बैठकीत मांडला. मला पर्मनंट करायचं की नाही तेही त्याच बैठकीत ठरायचं होतं, म्हणून मला भिंतीशी उभं केलं होतं. मुकादमालाही बोलावलं होतं, तो दारात.

मॅनेजरसाहेबांनी ते शून्य पाहिलं. "छान. पण गेटपास आधीपेक्षा उशिरा निघतायत. का हो मुकादम?"

"व्हय साएब. पयले दुपारपतूर निघायचे, आता दुपारनं."

"यंत्र थांबत नाही, मग थांबतं कोण?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई हल्ली जागेवर नसतात," स्टोअरचे साहेब म्हणाले. मला देगलूरचा खांब दिसायला लागला.

"कुठे जाता बाई?" इंजिनिअरनं विचारलं.

"कुठं नाही साहेब. इथंच. सगळ्यांना विचारते, वाचून झालं का म्हणून. झालं म्हणाले की मग दाबते."

त्यानं कपाळाला हात लावला. "अहो, पण थांबायचं यंत्रानं! त्यासाठीच तर मी एवढं…" आणि तो समोरच्या कागदावरच्या शून्याकडे बघायला लागला. त्याची मोजणी यंत्राच्या आतली होती. मी थांबत होते बाहेर, टेबलाटेबलांशी. तिथं त्याची मोजणी पोचत नव्हती. त्याचं शून्य माझ्या पायांनी काढलेलं होतं.

मॅनेजरसाहेब मात्र भलत्याच गोष्टीवर अडले. "सगळ्यांना विचारता? मग मला कधी विचारलं नाहीत ते?"

दारात मुकादम खोकला. तो मला त्या काचेशी रेंगाळताना रोज बघत होता.

मी म्हणाले, "साहेब, तुमचं पान नेहमी बंदच असतं. विचारायची वेळच येत नाही."

इंजिनिअरनं मान वर केली. कुठल्या टर्मिनलनं कुलूप सर्वांत जास्त वेळ धरलं, ते त्याच्यासमोरच्या कागदावर पहिल्याच ओळीत होतं. त्यानं तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कागद पालथा घातला.

"बघा," मॅनेजरसाहेब बाकीच्यांना म्हणाले. "ही साधी शिस्त आहे. काम झालं की पान बंद करायचं. मी करतो की नाही?" मग स्टोअरच्या साहेबांना, "यांना पर्मनंट करून टाका. बाईंना कामाची समज आहे."

मी सगळ्यांचे आभार मानले. मुकादमाचेसुद्धा, खोकल्याबद्दल.

बाहेर आल्यावर इंजिनिअरनं गाठलं. "बाई, माझ्याकडे आकडे आहेत."

"असू द्या की साहेब. आकडे तुमच्याकडे, नोकरी माझ्याकडे."

तो हसला, पण त्याला ते लागलं असावं. जायच्या आधी त्यानं मुळातच बदल केला. पाहुण्याला आत बसवायचंच नाही. तो आला की ताट भरून हातात द्यायचं आणि बाहेर पाठवायचं. मग त्यानं ओट्यावर बसून दिवसभर जेवावं. म्हणजे वाचणाऱ्याला पानाची नक्कल मिळे आणि कुलूप पापणी लवायच्या आत सुटे. आकडा जरा शिळा, पण भांडण नाही. गंमत अशी, की तेवढ्यात मॅनेजरसाहेब खरोखरच पान बंद करायला लागले होते. उठताना मुद्दाम मोठ्यानं बटण दाबत आणि काचेतून बघत, कुणी पाहिलं का. त्याची आता कुणालाच गरज नव्हती, पण तसं त्यांना सांगणार कोण?

इंजिनिअर गेला त्या दुपारी मुकादम चिठ्ठी घेऊन आला. मी सवयीनं उठले.

"कुटं चाल्ला? तो पोरगा सांगून गेला ना, कुनाला इचारू नका म्हनून."

मी बसले. बोट बटणावर ठेवलं. एकेका टेबलाकडे पाहिलं. सगळ्यांची पानं उघडी होती.

"दाबा की वैनी! टेंपो काय म्हातारा व्हायची वाट बगता?"

मी डोळे मिटून दाबलं. एंट्री गेली, गेटपास निघाला. सेल्सचे साहेब फोनवर हसत होते, हिशेबखातं चहा ओतत होतं. कुणीही मान वर केली नाही. मला जरा वाईटच वाटलं.