आबांच्या ओट्याची जागा

आबांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, तेरावं व्हायचं होतं. पाचोऱ्याजवळ आमच्या गावी माणसं रोज दारावर बसायला, म्हणजे दुखवट्याला, येत होती. मी फार बोलत नाही, पण त्या दिवशीचं लिहून ठेवावंसं वाटतंय.

सकाळीच शेतातून आलो होतो. निंबाखाली आबांच्या आठवणीचा छोटा ओटा बांधायचं ठरलं होतं. तिथे तीन-चार जुने दगड रुतलेले होते, ते ट्रॅक्टरने उपटून बांधावर टाकले... मीच सांगून टाकायला लावले.

दुपारी मंडपात नाना, म्हणजे माझे काका, मोबाइलवर इस्रायलच्या युद्धाच्या बातम्या बघत होते. एवढ्याशा जमिनीसाठी किती पिढ्या मरणार, असं ते म्हणाले. माझे भाऊजी धुळ्याला कॉलेजात इतिहास शिकवतात. ते हळू आवाजात सांगू लागले.

ज्यू लोकांना युरोपात कुठेच सुखाने राहू दिलं नाही, म्हणून ते आपल्या पूर्वजांच्या भूमीकडे वळले. पण तिथे अरब पिढ्यान् पिढ्या राहत होते, जमीन कसत होते. त्यातल्या बऱ्याच जमिनींचे मालक दूरच्या शहरांत राहायचे. त्यांनी त्या विकल्या, आणि कसणाऱ्याला उठावं लागलं. इंग्रजांनी दोघांनाही आशा दाखवली. पुढे युद्धं झाली, लाखो माणसं घरादाराला मुकली...

"जावईबापू, दारावरबी पिरेड घेता का?" नाना म्हणाले. दोघं-तिघं हसले. मग नानाच म्हणाले, आपल्याकडे असं कधी झालं नाही, आपल्याकडे कसणाऱ्याची जमीन कोणी घेतली नाही.

उंबऱ्याच्या आत अक्का बसली होती. आबांची थोरली बहीण. आबा गेल्यापासून तिने तोंड उघडलं नव्हतं.

"मंग निंबानं वावर आपलाकडे कसं उनं?" ती म्हणाली. निंबाचं शेत आपल्याकडे आलं कसं, असं ती विचारत होती.

सगळे तिच्याकडे वळले. तिने सांगितलं ते असं... कुळकायदा यायच्या आधी ते शेत जळगावच्या एका सावकाराच्या नावावर होतं, पण दुसरंच एक घर ते कसायचं. माझ्या पणजोबांनी ते सावकाराकडून सगळे कागद करून विकत घेतलं. पेरणीच्या आधी त्या लोकांना उठायला सांगितलं. ते बैलगाडी भरून पिंपळनेरकडे निघून गेले.

"कागद बठ्ठा बरोबर व्हतात," अक्का म्हणाली. "पन त्यास्ले कोनी इचारं नही."

जाताना त्यांना एक गोष्ट गाडीत घालता आली नाही. निंबाखालचे दगड. ते त्यांच्या मेलेल्या माणसांचे होते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आबा घरच्या पितरांची घागर भरून झाली की एक घागर तिकडे घेऊन जायचे, ती त्यांच्यासाठी.

आबा घागर घेऊन जाताना मी कितीदा पाहिलं होतं. कोणासाठी, हे कधी विचारलं नाही... आणि आज आबांना जागा करायला मी तेच दगड उपटले होते.

मी दगड परत बसवायला उठलो. नाना चिडले. उद्या ते लोक दगड दाखवून शेत मागायला आले तर, असं त्यांनी अक्काला विचारलं.

"उनात तं पहिले पानी देजो," अक्का म्हणाली. "मंग बोला."

नाना चिडलेलेच होते, पण शेतात माझ्याबरोबर आले. कोणता दगड कुठे होता हे आम्हाला नीट आठवेना. मातीतले खड्डे बघून एकेक बसवला. एक तर उलटा बसला असेल, माहीत नाही.

आबांचा ओटा आता विहिरीजवळ बांधतोय. भाऊजींना म्हटलं, आमचं सहज मिटलं. ते म्हणाले, दगडांचं मिटलं.

अक्का बोलली नसती तर मी तिथे रोज आबांना हात जोडले असते... कोणाच्या माणसांवर उभा आहे, हे न कळता. ती बोलली, याबद्दल तिचे उपकार.