स्काउटवाल्या सरांचा डावा हात

मोर्शीकडच्या आमच्या संत्र्याच्या बागेत दर उन्हाळ्यात स्काउटच्या पोरांचं शिबिर भरते. त्यांच्या सरांना चाहा पाहिजे असला तरी ते शिटीच वाजवतात. यंदा जागा मागाले आले अन् दरवर्षीच्या नमस्काराऐवजी त्यांनी डावा हात पुढं केला.

"सर, डाव्या हातानं मी कुत्रंही हाकलत नाई."

"काका, स्काउटमध्ये डावाच हात देतात. नियम आहे."

"बाग माही हाय. उजवा द्या, नाई तं शिबिर अकोल्याच्या बजारात भरवा."

सर घामानं निथळले, पण हात काई बदलला नाई. मीही उजवा पुढं करून उभाच राह्यलो. शेवटी त्यांनी डाव्या हातानं माहा उजवा धरला. तसेच हात धरून आमी दोघं शिबिरासाठी विहिरीचं पाणी पाहाले निघालो, पयल्या दिवशी शाळेत जाणाऱ्या लेकरांवानी.