आधी मला वाढ

रविवारी दुपारी आमच्या घरात मोठं भांडण होता होता राहिलं... अजून सुटल्यासारखं वाटतंय, म्हणून लिहितेय.

आम्ही पुंडलिकनगरला राहतो. मी, मुलगा नीलेश आणि सून रूपाली. नीलेशची कंपनी वाळूजला, जाऊन-येऊन पार थकतो. मी भाकरी थापत होते आणि रूपाली बाहेर फोनवर कुणाला तरी त्याच्या कंपनीजवळ, बजाजनगरला, भाड्याचं घर विचारत होती. मला कुणी काही सांगितलं नव्हतं.

माझे कान तापले. 'जा, आजच जा. माझ्यासाठी थांबू नका!' एवढं ओठांवर आलं होतं... एकदा बोलले असते तर परत घेता आलं नसतं.

तेवढ्यात हाताकडं लक्ष गेलं. थापता थापता भाकरी फाटली होती. वाचनालयातल्या एका पुस्तकात नुकतंच वाचलं होतं, राग आला की आधी अंगात कुठं काय होतंय ते बघावं. मी बघितलं. छातीत धडधड होती, पण पोटात नुसता खड्डा... दुपार कलत आली होती आणि मी सकाळच्या चहावर!

आमचे हे होते तोवर त्यांचं जेवण झाल्याशिवाय मी कधी ताटावर बसले नाही. आमच्याकडं तशीच रीत. ते गेले, पण अजून सगळ्यांचं झाल्याशिवाय मला माझी भूक कळतच नाही. राग तेवढा कळतो.

"रूपाली, आधी मला वाढ गं."

ती बघतच राहिली. "आई, तुम्ही आणि आधी? बरं नाय का?"

"भूक लागलीय. लई."

"म्हणजे आज मी शेवटी व्हय?" नीलेश म्हणाला.

"बसा की शेवटी. होऊ द्या सवय," रूपाली म्हणाली.

दीड भाकरी आणि शेपूची भाजी पोटात गेली... कान निवले. मग साध्या आवाजात विचारलं, "बजाजनगरला जायचंय का तुम्हाला?"

"तुम्हाला सोडून कुठं जाणार? तीन खोल्यांचं मिळंना, म्हणून बोललो नाय. दोन खोल्यांत तुमची पुस्तकं कुठं मावतील?" रूपाली म्हणाली.

मी उठून तिचं ताट वाढायला घेतलं. काय बोलणार होते मी या पोरीला...

ह्यांनी बांधलेलं हे घर सोडवेल का, अजून माहीत नाही. तिघं मिळून ठरवू... पण जेवण झाल्यावर.