शून्य दाखवणारी नळी

चीनच्या लढाईनंतर आमच्या घरात दादासाठी एकच शब्द उरला, बेपत्ता. तारेतल्या इंग्रजी शब्दाचा बाबांनी आईला सांगितलेला हा अर्थ. जयपूरचे शेजारी 'लापता' म्हणायचे. सुरुवातीचे काही महिने आई सारखी बोलायची. देवाशी, भांडीवालीशी, दादाच्या पलटणीतून भेटायला आलेल्या माणसाशी. रडायची, भांडायची, बाबांना नको नको ते ऐकवायची. मग एकाएकी गप्प झाली. स्वयंपाक करायची, माझी वेणी घालायची, विचारलं तर 'हं' म्हणायची. सावरली बाई एकदाची, असं येणारा-जाणारा म्हणू लागला. बाबांनाही हायसं वाटलं.

मी तेव्हा एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अतिवेगवान कण अडकून पडतात आणि त्यांचे पट्टे आपल्याभोवती आहेत, हे जगाला नुकतंच कळलं होतं. उपग्रहांत बसवलेल्या गायगर नळ्यांनी ते शोधून काढले. आमच्याकडे कुठला आलाय उपग्रह! एक नळी होती आणि कण आला की टिक करणारा भोंगा होता. अशा नळीवर कुठपर्यंत विश्वास ठेवायचा, हे मला तपासायचं होतं. जयपूरची धूळ प्रत्येक जोडणीत शिरायची आणि माझं डोकं फिरायचं.

एकदा मी किरणोत्सारी तुकडा चिमट्यात धरून नळीच्या जवळ जवळ नेत होते. टिकटिक वाढली, लाह्या फुटाव्यात तशी तडतडू लागली. आणखी जवळ नेला तर आवाज बंद. आकडा शून्य.

"सर, ट्यूब गई," मी म्हणाले.

"गई नहीं. पीछे लो," सर शांतपणे म्हणाले.

तुकडा मागे घेतला तशी नळी पुन्हा बोलू लागली. सरांनी समजावलं, एक कण मोजला की नळी क्षणभर बधिर होते. कण इतके येऊ लागले की बधिरपणा संपायच्या आत दुसरा येऊन आदळतो, तर ती काहीच मोजत नाही. वर उपग्रहातही हेच झालं होतं. शून्य बघून काहींना वाटलं, यंत्र बिघडलं. काहींना वाटलं, तिथे काही नाहीच. प्रत्यक्षात तिथे इतकं होतं की नळीला झेपत नव्हतं.

घरी येताना सायकलवर मला रडू आलं. आईचं काय झालंय ते मला कळलं होतं आणि सांगायचं कुणाला, ते कळत नव्हतं.

त्याच सुमारास बाबांची पुण्याला बदली झाली. केंद्र सरकारच्या नोकरीत गावोगाव हिंडून झाल्यावर अखेर आपल्या माणसांत. बाबांनी जेवताना सांगितलं. आई पोळी वाढत राहिली.

मी बाबांना बाजूला घेऊन म्हटलं, "बाबा, तिला जायचं नाहीये. मतलब, मला तसं वाटतं."

"काही म्हणाली का तुला?"

"नाही."

"मग झालं तर. हरकत असती तर बोलली असती. या घरात राहून मलाच वेड लागेल गं." मला त्यांचा राग आला होता, तो तिथेच विरला.

सामान बांधायला सुरुवात झाली. आईने मुकाट्याने बरण्या कागदात गुंडाळल्या. आता ट्रक आला की आईही त्या बरण्यांसारखी आत ठेवली जाणार, असं मला दिसत होतं. दादाबद्दल, बदलीबद्दल काहीही विचारलं तरी 'हं'.

उपग्रहवाल्यांनी पुढच्या खेपेला एक युक्ती केली होती. एका नळीवर शिशाचं आवरण घातलं. थोडेच कण आत शिरतात, तेवढे तिला मोजता येतात. मी ठरवलं, मोठं काही विचारायचंच नाही.

"आई, फाटकावरची पाटी काढू का?"

पाटीवर बाबांचं नाव होतं. त्याखाली दादाने पहिल्या सुट्टीत स्वतः रंगवलेलं स्वतःचं, हुद्द्यासकट.

आईचा हात थांबला. "पाटी राहू दे."

"नवीन माणसं येतील ना इथे."

"कुणी येणार नाही. मी इथेच राहणार." बरणी तिच्या मांडीवरून घरंगळली. "तुझे बाबाच म्हणतात ना, बेपत्ता? पत्ता त्याचा हरवलाय. त्याला हा एवढाच पत्ता ठाऊक आहे. आपणही हललो तर पोराने यायचं कुठे?"

मग ती जी बोलू लागली, ती दिवेलागणीपर्यंत. बाबा दारात उभे राहून ऐकत होते. बांधलेलं अर्धं सामान त्यांनीच पुन्हा सोडलं.

बाबा पुण्याला एकटे गेले. मी आईपाशी राहिले, इथल्याच कॉलेजात शिकवू लागले. निवृत्त झाल्यावर बाबाही परत आले. दादाची काहीच खबर आली नाही. आधी बाबा गेले, मग आई.

घरमालकाचा नातू हल्ली येऊन जातो. घर पाडून मजले चढवायचे आहेत. परवा म्हणाला, "आंटीजी, पाटी उतरवा देता हूँ, जंग लग गई है." माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. माझी हरकत नाही असं समजून तो पाना आणायला गेला.