प्रश्न चौदा, पर्याय क

“सरळ सरळ कॉपी आहे मॅडम. शाळा बाद करा आणि बाईंवर शेरा मारा,” साहेब म्हणाले आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

नववीचा वर्ग, मुलं सव्वीस. प्रश्न चौदाचं उत्तर चोवीस जणांचं चुकलं होतं, आणि सगळ्यांचं एकसारखं चुकलं होतं. पर्याय क.

मी तेव्हा पालघरला चाचण्यांचं काम बघायचे. नववीच्या मुलांना नीट वाचता येतं का, साधा हिशेब येतो का, हे बघायला जिल्ह्यात एकाच दिवशी एकच पेपर व्हायचा. मुलं उत्तराचा गोल काळा करतात, मशीन तो वाचतं. एका वर्गात बहुतेकांची एकच चूक दिसली की मशीन त्या शाळेपुढे खूण करतं. पुढचं डोकं माणसाने चालवायचं.

प्रश्न माझाच होता. ‘एका बोटीत नऊ जण होते. त्यांतले चार जण दुसऱ्या बोटीत गेले. पहिल्या बोटीत किती उरले?’ नववीला इतकं सोपं का, असं पालक विचारतात. पाया तपासायचा तर पायापासूनच विचारावं लागतं. किनाऱ्याच्या मुलांना ओळखीचं वाटावं म्हणून मी मुद्दाम बोट घातली होती आणि स्वतःवर खूश होते.

चुकीच्या पर्यायांना आमच्यात डिस्ट्रॅक्टर म्हणतात. ते उगाच ठेवत नाहीत. तेरा लिहिणाऱ्याने वजाबाकीऐवजी बेरीज केली, चार लिहिणाऱ्याने दिसलेला आकडा उचलला, असं त्यातून कळतं. पर्याय क होता सहा. खरं सांगायचं तर तो मी जागा भरायला टाकला होता. त्यामागे काहीही विचार नव्हता, आणि चोवीस मुलांनी नेमका तोच निवडला होता.

“सर, कॉपी असती तर बाकीच्या प्रश्नांतही दिसली असती. ते सगळे वेगवेगळे आहेत.”

“मग एकाच प्रश्नात काय झालं?”

“जाऊन बघते.”

“उद्या पाचपर्यंत रिपोर्ट द्या. कॉपी हो की नाही, एवढंच लिहा.”

दुसऱ्या दिवशी बोईसरहून रिक्षा केली. शाळा नवापूरच्या अलीकडे, एका मच्छीमार गावात. खिडकीतून दर्या दिसत होता आणि वाऱ्याबरोबर वाळत्या बोंबलांचा वास येत होता. गणिताच्या सुजाता मॅडम दारातच उभ्या होत्या. नाशिककडच्या, नवरा कंपनीत, राहायला दर्यापासून आत, सरावलीला. शाळेत पाच वर्षं कंत्राटावर.

“मॅडम, शेरा पडला तर जूनमध्ये मला परत घेणार नाहीत,” त्या म्हणाल्या. “मी काही सांगितलेलं नाही हो त्यांना. बोटीचं उदाहरण दिलं की ही मुलं नेहमी असंच करतात. शेवटी मी बोटीची उदाहरणं देणंच सोडलं.”

“आणि तुम्ही कारण विचारलं नाही?”

“विचारलं. सांगत नाहीत.”

मला रागच आला. पाच वर्षं एक चूक दिसते आणि बाई तिला वळसा घालून जातात! मी वर्गात गेले आणि फळ्यावर टेम्पो काढला.

“टेम्पोत नऊ जण. चार उतरले. किती उरले?”

“पाच!” सगळा वर्ग ओरडला.

टेम्पो पुसून मी बोट काढली. “बोटीत नऊ जण. चार दुसऱ्या बोटीत गेले. किती उरले?”

  मग चोवीस मुलं एका सुरात, हळू आवाजात म्हणाली, “सहा.” एकही जण माझ्याकडे बघत नव्हता. सरावलीहून येणारी, कंपनीतल्या कामगारांची दोन मुलं मागच्या बाकावर होती, ती आमच्याकडे टकमक बघत होती. बरोबर उत्तर याच दोघांनी दिलं होतं.

मुलं माझी फिरकी घेताहेत असं मला वाटलं. पहिल्या बाकावरच्या मुलीला पुढे बोलावलं. नाव दर्शना. टेबलावर खडूचे नऊ तुकडे ओळीने मांडले.

“ही बोट. यातले चार उचल.”

तिने उचलले.

“आता मोज.”

ती एकेका तुकड्यावर बोट ठेवत गेली. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचव्यानंतर तिचं बोट थांबलं नाही. तेवढंच अंतर सोडून ते मोकळ्या टेबलावर टेकलं. “सहा,” ती म्हणाली. मी मान वर केली, तर सगळा वर्ग त्या रिकाम्या जागेकडे बघत होता.  

“इथे काय आहे?” मी विचारलं.

“बोटीत एक जास्ती मोजाचा, बाई. आमी सगले तसंच मोजतो. त्याला नाय मोजला तं तो आपल्यातल्या एकाची जागा घेते.”

“तो म्हणजे कोण?”

“त्याचं नाव नाय घेत.”

तिथेच थांबायला हवं होतं. कॉपी नव्हती हे मला कळलं होतं, माझं काम झालं होतं. पण मी गणिताची बाई. तीस वर्षं नऊ वजा चार पाच शिकवलेलं, माझ्यासमोर कुणी त्याचे सहा करावेत हे मला सोसेना. मी तिच्या हातात खडू दिला. “फळ्यावर पाच लिही.”

“नको, बाई. बाबा पाण्यात हायत.”

“अगं, लिहिल्याने काही होत नाही.”

तिने खडू खाली ठेवला. मग मीच हातभर उंचीचा ५ लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या.  दर्शना वर्गाबाहेर गेली आणि किनाऱ्याच्या दिशेने धावत सुटली.

“हे करायला नको होतं, मॅडम,” सुजाता म्हणाल्या.

मी फळा पुसला. ओल्या फडक्याने पुन्हा पुसला, तरी आकडा अंधूक दिसतच राहिला. मनातून मी फार ओशाळले.

आम्ही दोघी किनाऱ्यावर गेलो. दर्शना आजीला चिकटून उभी होती. आजी बोंबील उलटत होती, पण तिची नजर पाण्याकडे होती. भरती लागली होती. सकाळीच यायची दर्शनाच्या बाबांची बोट अजून आली नव्हती. ती उशिरा आहे हे माझ्या पाच लिहिण्याआधीचं, हे मला समजत होतं. तरी मी पुन्हापुन्हा घड्याळ बघत होते.

“बोटीत किती जण आहेत, आजी?” मी विचारलं.

“सहा,” आजी म्हणाली.

म्हणजे पाच. एवढं मला आता कळत होतं.

तासाभराने बोट दिसली. ऊन लख्ख होतं. माझी नजर अजून चांगली आहे. सवयच अशी, की माणसं दिसली की मी मोजते. पुढे दोन, मधे तीन, मागे एक. सहा. पुन्हा मोजले. सहाच. कुणी वाटेत चढलं असेल, म्हणून मी सोडून दिलं.

बोट टेकली. दर्शनाचे बाबा सगळ्यांत आधी उतरले आणि ती पाण्यात शिरून त्यांना बिलगली.  मग दुसरा उतरला, तिसरा, चौथा, पाचवा. पाचव्याने दोर बांधला आणि सगळे वर चालू लागले. मी बोटीकडे बघत राहिले. मागच्या बाजूला कुणी नव्हतं. रेनकोट टांगला असेल, डबा उभा असेल, म्हणून जवळ जाऊन बघितलं. ओली जाळी होती, बाकी काही नाही.

आजी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

“किती मोजलंस?”

“सहा.”

“मंग बरोबर हाय,” ती म्हणाली आणि बोंबील उलटायला गेली.

रिपोर्ट मी परतताना रिक्षातच लिहिला. कॉपी नाही. शिक्षिकेचा दोष नाही. प्रश्न चौदा सदोष, रद्द करावा, सगळ्यांना त्याचा गुण द्यावा. साहेबांनी तो दोनदा वाचला.

“सदोष कसा? नऊ वजा चार पाचच ना?”

“प्रश्न तिथल्या मुलांसाठी बरोबर नाही, सर. चूक माझी आहे, तसं माझ्या नावाने लिहा.”

त्यांनी सही केली. सुजाता मॅडमना जूनमध्ये परत घेतलं. निवृत्त होईपर्यंत मी पेपर काढत राहिले, पण माझ्या प्रश्नांतली माणसं टेम्पोने जायची. प्रश्न काढणाऱ्याने आधी तिथे जाऊन मोजून यावं, एवढंच नवीन लोकांना सांगायचे.

सही करताना साहेबांनी एक शंका काढली होती. “गुण सगळ्यांना देताय. मग ज्या दोघांनी पाच लिहिलं, त्यांचं काय? चूक धरायचं?”

“नाही सर,” मी म्हटलं. “ती मुलं सरावलीला राहतात. त्यांचं पाचच.”